राजलक्ष्मी अक्कांची कचेरी

गाण्याच्या कार्यक्रमांना पुन्हा जायला लागायचं की नाही, हा प्रश्न बाकी बेंगळुरूने दिवाळीनंतर आपापल्या घरी चहा पिता पिता सोडवून टाकला. पद्माकर टिपणीसांना तो सोडवायला आठ दिवस, आलेखाचे दोन कागद आणि सुलभाताईंची शिवणाची टेप लागली.

निमित्त झालं ते मुलाने, मुकुलने, आणलेल्या दोन पासांचं. मराठी मंडळाने दीड वर्षाने नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठेवला होता. "घरी बसून कंटाळला असाल, आईला घेऊन जा," असं म्हणून मुकुल आपल्या लॅपटॉपसमोर जाऊन बसला. पण जो माणूस सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात चौतीस वर्षं बसला, ज्याच्या टेबलावरून माल पास होऊन गेला तर लोक पेढे वाटत, त्याला 'जा' म्हटल्यावर जाता येत नाही. त्याने आधी सभागृहाची लांबी-रुंदी मागवली. मग छताची उंची, मग खिडक्या किती आणि त्यातल्या उघडतात किती. माणशी किती हवा येते ते काढलं. शेवटचा रकाना होता 'दाद'.

हा रकाना पद्माकरांचा स्वतःचा शोध. गाणं ऐकणारा माणूस गप्प बसला तर तो फार काही बाहेर सोडत नाही. पण आपल्याकडे शाबासकी तोंडाने देतात. 'वा' म्हणायचं तर छातीतली हवा जोराने बाहेर टाकावी लागते, आणि 'वन्स मोअर' तर पुऱ्या ताकदीने ओरडायची गोष्ट आहे. गाणं चांगलं झालं की दाद जास्त, दाद जास्त म्हणजे हवेत विषाणू जास्त. निष्कर्ष खाली लाल शाईने लिहिला होता: गाण्याचा धोका गाण्याच्या दर्जाच्या सम प्रमाणात असतो, सबब ज्या गाण्याला कोणीही 'वा' म्हणणार नाही अशाच गाण्याला जाणे सुरक्षित.

सुलभाताईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, मग मीच गाते की घरी, तुम्ही बसा ऐकत. एवढं बोलून त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. नवरा-बायको मुलाकडे जे. पी. नगरात राहायला आले ते टाळेबंदीच्या दोनच महिने आधी. त्यामुळे बेंगळुरू म्हणजे सुलभाताईंच्या लेखी गॅलरीतून दिसणारा एक फणस, एक मोबाइलचा मनोरा आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. पद्माकरांचं बेंगळुरू त्याहून लहान होतं, कारण ते गॅलरीतही मास्क लावून जात आणि चष्म्यावर वाफ धरे. कन्नडचे त्यांना तीन शब्द येत होते: थोडं म्हणजे स्वल्प, ठीक म्हणजे सरी आणि नको म्हणजे बेडा. पैकी तिसरा ते सढळ हाताने वापरत.

पास परत गेले. इथे थांबले असते तर काहीच झालं नसतं. पण पद्माकरांनी कोष्टक इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं, आणि पाण्याची टाकी धुण्याविषयी गच्चीवर बैठक होती तिथे टाकीचा विषय संपायच्या आत उभं राहून ते वीस मिनिटं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, आजच्या दिवसात जो माणूस बंद सभागृहात गाणं ऐकायला जाईल, त्याला गाण्यातलंही कळत नाही आणि हवेतलंही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तिसऱ्या मजल्यावरच्या राजलक्ष्मी अक्का बसल्या होत्या, त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

राजलक्ष्मी अक्का टिपणीसांच्या बरोबर डोक्यावर राहायच्या. वय शहात्तर, घरात एकट्या. त्यांचं घराणं मूळचं मराठी, पण बेंगळुरूत चार पिढ्या झालेल्या. मराठी देव्हाऱ्यासारखी घरात ठेवलेली, तिच्यावर कन्नडची फुलं वाहून वाहून खालची मूर्ती अर्धी झाकली गेलेली. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांचं पेन्शन अक्कांना मिळत असे. स्वतः त्या दक्षिणेकडच्या पद्धतीचं गाणं गात, आणि पन्नास वर्षं शिकवतही आल्या होत्या.

बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी अक्का खाली आल्या आणि दाराबाहेर पायपुसण्यापलीकडे उभ्या राहिल्या.

"टिपणीस अण्णा, पुढच्या शनिवारी माझी कचेरी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी यायला पाहिजे बघा."

आता इथे वाचकांना एक गोष्ट सांगून टाकणं भाग आहे, जी पद्माकरांना मात्र कोणी सांगितली नाही. आपल्याकडे कचेरी म्हणजे जिथे शिक्के, रांगा आणि 'उद्या या' मिळतं ती जागा. बेंगळुरूकडे त्या अर्थी तर कचेरी आहेच, पण गाण्याच्या मैफलीलाही कचेरीच म्हणतात. शब्द एकच, आणि दोन्हीकडे माणूस बराच वेळ बसून राहतो, एवढंच काय ते साम्य.

पद्माकरांनी विचारलं, कसली कचेरी. अक्का म्हणाल्या, दर वर्षी नोव्हेंबरात असते, गेल्या वर्षी करोनामुळे घरनंच ऑनलाइन केली. पण त्याला काय अर्थ, समोर माणसं असल्याशिवाय आपण जिवंत आहोत असं वाटतच नाही. हे ऐकल्याबरोबर पद्माकरांना सगळं लख्ख कळलं. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शन खाणाऱ्याने वर्षातून एकदा सरकारला आपण जिवंत असल्याचं पटवायचं असतं, आणि सरकार ते चटकन मानत नाही, याचा त्यांना अनुभव होता. बरोबर कोण आहे म्हणून विचारलं, तर साथीला दोघे आहेत म्हणाल्या. म्हणजे साक्षीदार झाले. पण समोर एखादा ओळखीचा चेहरा नसला तर मला धीर होत नाही, असंही म्हणाल्या. म्हणजे ओळख पटवणारा हवा. वेळ किती, तर अडीच तास, मंडळी खूश झाली तर तीन. कचेरीतली मंडळी खूश झाली नाहीत तर काय होतं तेही पद्माकरांना ठाऊक होतं. दारात दोन्ही डोसांचा दाखला बघतात म्हणाल्या, तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही.

तरीसुद्धा ते नाही म्हणू शकले असते. भाजी तीन पाण्यांतून काढणारा हा माणूस परक्याच्या कामासाठी सरकारी इमारतीत पाऊल टाकेल, असं कोणालाही वाटलं नसतं. पण मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, पद्माकर मागच्या खोलीत सतरा दिवस एकटे पडून होते. बोटाला ऑक्सिमीटर, त्यावरचा आकडा कधी ब्याण्णव, कधी नव्वद, आणि दवाखान्यात खाट नाही. पहाटे साडेपाचला वरच्या मजल्यावर अक्का गायला बसायच्या, आणि न्हाणीघराच्या झरोक्यातून तो आवाज खोलीत उतरायचा. त्यातलं एक अक्षर पद्माकरांना कळत नसे. पण आवाज आला म्हणजे सकाळ झाली, आणि सकाळ झाली ती आपल्याला कळली म्हणजे आपण आहोत, असा हिशेब त्यांनी मनाशी धरला होता. त्या आवाजाच्या काठीवर ते सतरा दिवस चालत आले. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. अक्कांना तर नाहीच. दक्षिणेकडचं गाणं आपल्या डोक्यावरून जातं असं ते चारचौघांत म्हणत आले होते, आणि मग ते कुठल्या तोंडाने सांगणार?

"येणार, अक्का," ते म्हणाले. "नक्की येणार."

अक्कांचा विश्वास बसेना. गच्चीवर तुम्ही तसं बोललात, मला वाटलं तुम्ही काही यायचे नाही, असं त्या म्हणाल्या. तेव्हा पद्माकर ताठ उभे राहिले.

"गाणं ही हौस झाली, अक्का. कचेरी हे कर्तव्य आहे."

अक्कांनी हे वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. आपल्या गाण्याबद्दल इतकं मोठं कोणी बोललेलं त्यांना आठवत नव्हतं. डोळ्याला पदर लावून त्या जिना चढून गेल्या.

सुलभाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. भाजीवाली, इस्त्रीवाला आणि खुद्द अक्का यांच्याशी गॅलरीतून बोलून त्यांचं कन्नड नवऱ्याच्या बरंच पुढे गेलं होतं, आणि कचेरी म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. 'अहो' एवढा शब्द ओठांवर आला. मग त्यांची नजर गॅलरीतल्या फणसाकडे गेली, आणि त्या पोळ्या लाटायला परत आत गेल्या.

इकडे पद्माकर कामाला लागले. तळमजल्यावर आप्पाजी राहत होते, निपाणीकडचे, तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांना सरकारी कामाबद्दल कोणी काही विचारत नसे आणि त्यामुळे त्यांची तब्येत ठीक नसायची. पद्माकरांनी कचेरीचं काम आहे, हयातीचा दाखला आहे, एवढं म्हणताच आप्पाजी खुर्चीत सरळ झाले. निपाणीच्या माणसाला कचेरीचे दोन्ही अर्थ येत होते; पण पेन्शनीचं बोलणाऱ्याला गाण्याचं उत्तर कोण देईल? आप्पाजींनी यादी सांगितली: पेन्शनचा हुकूम, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, विजेचं बिल, प्रत्येकाच्या पाच पाच झेरॉक्स, ओळख पटवणाऱ्याचंही तेच सगळं, आणि ताजे फोटो. "टिपणीससाहेब, कागद कमी पडला तर माणूस मरतोय बघा, जास्त झाला तर कोण मरत नाही," असं त्यांनी बजावलं.

इमारतीचे सेक्रेटरी दयानंद यांचं म्हणणं पडलं की शनिवारी, तेही संध्याकाळी पाचला, कुठली कचेरी उघडी असते? पद्माकरांनी कॅलेंडर पाहिलं. शनिवार तिसरा होता. दुसरा किंवा चौथा असता तर प्रश्न होता. आणि पाचची वेळ म्हणजे गर्दी होऊ नये म्हणून सरकारने पाळ्या लावल्या असणार. सरकारला सुचलं म्हणून पद्माकरांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याचं कौतुक केलं. दयानंद म्हणाले, मग अक्कांनाच एकदा विचारून घ्या. पद्माकर म्हणाले, त्या बिचाऱ्या आधीच घाबरल्या आहेत, त्यांना कशाला त्रास.

फोटो काढायला मात्र स्टुडिओत जावं लागलं. फोटोग्राफर म्हणाला, मास्क काढा. बंद खोली, पंखा बंद, आणि आधी कोण बसून गेलं देव जाणे. पद्माकरांनी खोल श्वास घेतला, तो आत कोंडला आणि मग मास्क काढला. फोटोग्राफरला त्यांची हनुवटी सरळ करायला वेळ लागला. फोटो आला त्यात गाल फुगलेले, डोळे बाहेर, आणि चेहऱ्यावर असा भाव की कोणीतरी पायावर उभं आहे आणि सांगायची सोय नाही. पद्माकरांनी त्याच्या बारा प्रती घेतल्या.

खरी ठेच लागली ती लशीच्या दाखल्यावर. छापून काढला तेव्हा त्यावर नाव होतं 'पद्मा कर', वय अठ्ठावीस, लिंग स्त्री. पद्माकरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सुलभाताई म्हणाल्या, अठ्ठावीस असताना तुम्ही एवढे नीटनेटके नव्हतात. वॉर्डाच्या कार्यालयात गेले तर पहिल्या टेबलाने तिसऱ्याकडे पाठवलं, तिसऱ्याने सांगितलं की हे ऑनलाइन होतं, आणि ऑनलाइनने सांगितलं की जवळच्या कार्यालयात जा. परत गेले तेव्हा तिसऱ्या टेबलावरचा कारकून मनाने भला होता. त्याने पद्माकरांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "सर, स्वल्प अडजस्ट माडी." थोडं जमवून घ्या. पद्माकरांनी हिंदीतून त्याला समजावलं की वयाच्या बाबतीत एक वेळ जमवून घेता येईल, पण बाकीचं या वयात कठीण आहे. कारकुनाने तक्रार नोंदवली. चार दिवसांनी दुरुस्ती होऊन आली. वय दुरुस्त झालं होतं. म्हणजे पद्मा कर ही आता अडुसष्ट वर्षांची स्त्री झाली.

तोवर शनिवार उजाडला. पद्माकर दोन मास्क, खिशात ऑक्सिमीटर आणि काखेत तीन इंच जाडीची फाइल अशा थाटात चारला तयार झाले. सुलभाताई आतून बाहेर आल्या त्या जांभळी नारायणपेठ नेसून, केसांत गजरा माळून. पद्माकर म्हणाले, अगं, आपण कचेरीत चाललो आहोत. सुलभाताई म्हणाल्या, म्हणून तर. सरकारी माणूस कपडे बघून खुर्ची देतो. यात तथ्य आहे असं पद्माकरांना वाटलं. अक्का सकाळीच भाच्याबरोबर पुढे गेल्या होत्या, ही त्यांना मोठी शिस्तीची गोष्ट वाटली. टिपणीस दोन्ही बाजू उघड्या असलेल्या रिक्षातून बनशंकरीला निघाले.

इमारत जुनी होती, पण दारात केळीचे खुंट, पुढे ठसठशीत रांगोळी, आणि आतून कॉफीचा वास. सरकारी कचेऱ्या सुधारल्या आहेत असं पद्माकरांनी नोंदवलं. मग त्यांना फलक दिसला. अक्षरं कन्नड, पण मधोमध अक्कांचा तंबोऱ्यासह फोटो होता. पेन्शनीला तंबोरा कशाला, इथपर्यंत त्यांचा विचार पोचला, तोच आत कोणीतरी मृदंगावर हातोडी ठोकून सूर जुळवायला सुरुवात केली. पद्माकर हळूहळू बायकोकडे वळले. सुलभाताई गजरा चाचपत होत्या.

"तुला माहीत होतं."

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आपण इथे आलो असतो का?" सुलभाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा हलला. "अहो, पावणेदोन वर्षं झाली, मी तो फणस बघतेय."

पद्माकरांनी सवयीने खिडक्या मोजल्या. सात, त्यांतल्या तीन बंद. डोकी दीडशेच्या घरात. आत जावं तर आपल्याच कोष्टकाने आपण नापास. परत फिरावं तर त्या म्हातारीला वाटणार की गच्चीवर बोललेला माणूस शब्द देऊनही फिरला. ओळखीचा चेहरा नसला तर धीर होत नाही म्हणाल्या होत्या. छातीत मे महिन्यातली ती जुनी भीती जागी झाली, आणि खोटं कशाला सांगा, भीतीच जिंकली. त्यांनी ठरवलं की सुलभाला आत पाठवायचं, आपण परत जायचं, आणि अक्कांना रक्तदाब वाढला असं सांगायचं.

तेवढ्यात दारावरच्या मुलीने दाखला मागितला. सिद्धी नावाची विशीतली स्वयंसेविका होती ती, गळ्यात ओळखपत्र आणि हातात ताप मोजायचं पिस्तूल. आयुष्यभर कागद तपासलेल्या माणसाला कागद मागितला की त्याचा हात आपोआप पुढे होतो. सिद्धीने दाखला वाचला, पद्माकरांकडे पाहिलं, पुन्हा वाचला. मग सुलभाताईंचा स्वतःचा दाखला पर्समधून निघायच्या आत ती त्यांना म्हणाली, पद्मा आंटी, तुम्ही आत जा. अंकल, तुमचा दाखला कुठे आहे? दाखला नसेल तर आत जाता येणार नाही.

आता 'मला आत जायचंच नाही' एवढं म्हटलं असतं की संपलं होतं. पण काय आत जाणार आणि काय बाहेर राहणार हे चौतीस वर्षं ज्याने ठरवलं, त्याला दारात उभं करून नापास केलं होतं. पद्माकरांच्या तोंडून शब्द आले ते असे, की का म्हणून जाता येणार नाही? आणि ज्या सभागृहात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं होतं, तिथे शिरण्याच्या हक्कासाठी हा गृहस्थ एक पाव तास भांडला. फाइल उघडली. आधार, पेन्शनचा हुकूम, विजेचं बिल, पासबुक. मागे रांग लागली. एकाने सुचवलं की बाईंचा दाखला आहे तर साहेबांना सोडा, दुसऱ्याने सुचवलं की साहेबांनी बाईंना सोडून घरी जावं. सिद्धीने फोटो हातात घेऊन म्हटलं, सर, हे तुम्ही वाटत नाही.

आणि तेव्हा आत तंबोरा लागला. त्याच्या मागोमाग अक्कांचा आवाज आला, शब्द नाहीत, नुसता आकार, खालच्या सुरावर टेकलेला. पद्माकर बोलता बोलता थांबले. झरोक्यातून उतरायचा तो आवाज आज दरवाजातून येत होता. पण तो कापत होता. मे महिन्यात, सतरा दिवसांत एकदाही तो असा कापला नव्हता.

"मला आत जाऊ दे, बाळ," ते सिद्धीला म्हणाले, मराठीतूनच.

ती फोटोकडे आणि त्यांच्याकडे बघत राहिली. पद्माकरांनी खोल श्वास घेतला, कोंडला, दोन्ही मास्क खाली ओढले. गाल फुगले, डोळे बाहेर आले. सिद्धीने फोटो शेजारी धरला, खाली मान घालून ओठ चावले आणि वाट दिली.

पहिल्या रांगेत मधोमध दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या, मधल्या खुर्चीवर फुली मारलेली. अक्कांच्या भाच्याने, रघुनंदनने, त्यांना वाकून तिथे बसवलं. अक्कांनी डोळे उघडले, समोर फाइल पोटाशी धरून बसलेले टिपणीस दिसले. त्यांची मान किंचित हलली आणि आवाजाचं कापणं थांबलं. इथले श्रोते 'वा' म्हणत नव्हते, मांडीवर हळूच थाप मारून ताल धरत होते, फार आवडलं तर जीभ टाळूला लावून चुकचुकत होते. दाद मुकी होती. आपल्या कोष्टकातला रकाना इथे शून्य धरावा लागेल हे पद्माकरांच्या ध्यानात आलं, आणि नेमका त्याच वेळी त्यांना खोकला आला.

दोन मास्क, दाराशी केलेलं भांडण, आणि व्यासपीठावरची उदबत्ती. घशात कुसळ अडकावं तसं झालं. दीडशे माणसं, पहिली रांग, सगळीकडे शांतता, आणि साथीचे दिवस. आता खोकलं तर लोक खुर्च्या टाकून पळतील, अक्कांची दोन वर्षांनी आलेली कचेरी मोडेल, आणि मोडणारा कोण, तर गच्चीवर भाषण देणारे टिपणीस. पद्माकरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. श्वास दाबला, आवंढे गिळले. चेहरा फोटोसारखा झाला. डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं आणि मास्कवर उतरलं.

अक्कांनी ते पाहिलं. गाणाऱ्या बाईला समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की काय होतं, ते गाणारेच जाणोत. आवरत आणलेला राग त्यांनी पुन्हा उलगडला. व्हायोलिनवाले मान डोलावत मागे मागे जात होते. दहा मिनिटांचा आलाप पाऊण तासावर गेला, शेजारचे एक आजोबा पद्माकरांकडे आदराने बघायला लागले, आणि राग संपला तेव्हा टिपणीसांचे दोन्ही मास्क ओलेचिंब होते.

कचेरी संपल्यावर अक्का व्यासपीठाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. टिपणीसांना पाहून त्यांनी भोवतालच्या चारपाच जणांना जवळ बोलावलं. हे टिपणीस अण्णा, त्या म्हणाल्या. यांच्या घरी भाजी तीनदा धुतात. मला फार भीती होती, कचेरी ठेवणाऱ्या सभेला नको म्हणून कळवणार होते, चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवली होती. मग हे येतो म्हणाले. म्हटलं, हा माणूस येतो म्हणजे भ्यायचं कारण नाही.

सगळे कौतुकाने पद्माकरांकडे पाहायला लागले. दुसरा कोणी असता तर त्याने हसून नमस्कार केला असता आणि घरी गेला असता. पण चौतीस वर्षांत एक सदोष नग ज्याने पुढे जाऊ दिला नाही, त्याला स्वतःला असं पास करून घेणं जमेना.

"अक्का, मी गाण्याला म्हणून आलो नव्हतो," ते म्हणाले. "कचेरी म्हणजे मला सरकारी कचेरी वाटली. तुमच्या हयातीच्या दाखल्याला साक्षीदार म्हणून आलो होतो."

त्यांनी फाइल दाखवली. रघुनंदनला हसू फुटलं, सुलभाताईंनी पदर तोंडाला लावला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी फाइलीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"मग रडत का होता?"

"खोकला दाबत होतो."

"पाऊण तास?"

"नाही," पद्माकर म्हणाले. "पहिली पाच मिनिटं."

अक्कांनी वर पाहिलं. पद्माकरांनी चष्मा काढून तो ओल्या मास्कने पुसायचा प्रयत्न केला.

"पुढचं मे महिन्यातलं होतं, अक्का. मी खाली पडून होतो, तुम्ही रोज पहाटे गायचात. तेव्हा रडायला दम पुरत नव्हता."

अक्कांनी हात पुढे केला आणि तो हवेत तसाच राहिला, कारण त्या दिवसांत कोणी कोणाचा हात धरत नसे. पद्माकरांनी तो धरला. सुलभाताईंनी पुढे होऊन नवऱ्याच्या काखेतली फाइल काढून आपल्याकडे घेतली.